तीनच्या जागी एक

फॉर्म कसा भरायचा हे मला कुणी शिकवू नये. अपघात विम्याच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसले. समोर येणारा माणूस हात मोडलेला, पाय मोडलेला, कधी घरातला कर्ता गमावलेला, आणि कागदावर मन मोकळं करायला निघालेला. सातव्या रकान्यात प्रश्न असायचा, ‘पूर्वीचा काही त्रास?’ तिथे लोक भोळेपणानं स्वतःच्या गुडघेदुखीपासून आजोबांच्या दम्यापर्यंत सगळं लिहायचे, आणि वरच्या मजल्यावरून अर्ज परत यायचा. म्हणून मी खिडकीतून हळूच सांगायचे, ‘तिथे नाही लिहा आणि पुढे चला.’ साहेब वर बसून उंटावरून शेळ्या हाकायचे, पण अर्ज पास कसा होतो हे मला ठाऊक होतं. कितीतरी जण नंतर मुद्दाम खिडकीशी येऊन हात जोडून गेले.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्या अडाणीपणामुळे झालं असं कुणाला वाटायला नको. ते माझ्या शहाणपणामुळे झालं.

धाकटी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्नानंतर तीनच वर्षांनी नवरा गेला, तेव्हा एक बॅग आणि शिवणाचा डबा घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला आली, ती कायमचीच. मी लग्न केलं नव्हतं. आमचं बरं चाललं होतं. मी बोलायची, ती ऐकायची, आणि शेवटी तिला हवं तेच करायची. कोट शिवणाऱ्या एका दुकानात ती हातानं काजं करायची. मशीनवर काज अर्ध्या मिनिटात होतं. तिला एका काजाला वीस मिनिटं लागायची, पण ते काज दहा वर्षं उसवायचं नाही. दुकानाचे मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, कोट मी शिवतो, पण विकला जातो तो बाईंच्या काजांवर. कापडाला नुसतं बोट लावून ती सांगायची, लोकर किती आणि भेसळ किती. मी नेहमी तिला चिडवायची की कापडाशी बोलतेस तेवढं माझ्याशी बोललीस तर बरं होईल. ती म्हणायची, कापड मधेच तोडून बोलत नाही.

पहिल्यांदा गाठ झाली तेव्हा डावा स्तन काढला. चार वर्षं छान गेली. मग पाठ दुखायला लागली, तपासण्या झाल्या, आणि आजार हाडांत आणि यकृतात उतरल्याचं कळलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. म्हणाल्या, आता हे पूर्ण बरं होणार नाही, पण धरून ठेवता येईल. किती दिवस, ते सांगता येणार नाही. मग त्यांनी चाचणीची गोष्ट काढली. दर शुक्रवारी सलाइनमधून नेहमीचं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळणार होतं. त्याशिवाय रोज एक गोळी. निम्म्या बायकांना नवी गोळी, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती ते संगणक ठरवणार, आणि डॉक्टरांनाही ते कळणार नाही.

मी विचारलं, नव्या गोळीनं फायदा होतो का? त्या म्हणाल्या, तेच माहीत नाही, म्हणून तर चाचणी. हे म्हणजे माल चांगला की वाईट ते दुकानदारानं गिऱ्हाइकालाच विचारण्यासारखं झालं, असं मी म्हणणार होते. पण बुडत्याला काडीचा आधार. काडी निम्मीच खरी असली तरी मला ती हवी होती.

धाकटीला त्यात फारसा रस दिसला नाही. तिनं एकच विचारलं, “माझे हात चालतील ना?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना बोटांत मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तसं झालं तर वहीत लिहा, आम्ही बघू. हा ‘बघू’ मी एकतीस वर्षं कचेरीत ऐकला होता. आमच्याकडे त्याचा अर्थ नाही असाच होता.

संमतीपत्र बावीस पानांचं होतं. लोक पहिलं पान बघून सही करतात. मी ते घरी आणून दोनदा वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. चौदाव्या पानावर मला हवं ते वाक्य सापडलं. रोजच्या वहीत कुठल्याही त्रासाचा आकडा तीन किंवा त्याहून वर गेल्यास डॉक्टर औषध कमी करू शकतात अथवा थांबवू शकतात. मी त्याखाली रेघ ओढली. म्हणजे तीन आला की अर्ज परत, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कोणतं औषध, किती दिवस थांबवणार, थांबवलं तर चाचणीतून काढतात का, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. जन्मभर खिडकीच्या आत बसलेल्या बाईला बाहेर उभं राहून प्रश्न विचारणं जड जातं.

मीच धाकटीला सही करायला लावली. ती म्हणाली, तू वाचलंयस ना, मग झालं.

वही देणाऱ्या नर्सचं नाव मी पहिल्याच दिवशी वहीवाली ठेवलं. ठेंगणी, चष्मा गळ्यात अडकवलेला, चार रंगांची पेनं खिशाला. तिची खोली म्हणजे तळमजल्यावर एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा आणि भिंतभर फायलींचं कपाट. दर चौथ्या शुक्रवारी वही तपासायची, उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या आणि नवी बाटली द्यायची. वहीत रोजचे पाच प्रश्न होते. मळमळ, तोंड येणं, जुलाब, थकवा, हातापायांचा बधिरपणा. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे असह्य. तीनपुढे छापलं होतं, ‘रोजची कामं स्वतः करता येत नाहीत.’ वहीवालीनं सगळं दोन-दोनदा समजावलं. मला हसू येत होतं. मी मनात म्हटलं, बाई, तुझ्या जन्माआधीपासून रकाने भरतेय मी.

पहिले पाच आठवडे धाकटीनंच लिहिलं. तिचे आकडे टाक्यांसारखे, सगळे एका उंचीचे. सहाव्या आठवड्यात बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि पेन हातातून फिरायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, तू लिही, मी सांगते. रोज संध्याकाळी चहा झाल्यावर आम्ही वही उघडायचो. ती सांगायची, मी लिहायची. मळमळीचं, तोंड येण्याचं, जुलाबाचं तिनं जसं सांगितलं तसं लिहिलं, ते आकडे एरवीही लहानच असायचे. बधिरपणाला ती पहिल्यांदा दोन म्हणाली तेव्हा मी एक लिहिलं. दोनाला कुणी काढत नाही हे मला माहीत होतं. पण दोनानंतर तीन येतो, आणि वरच्या मजल्यावरची माणसं आकडा चढतोय हेच आधी बघतात. सुरुवातीपासून कमी दाखवलेलं बरं. ही कचेरीतली अक्कल.

त्यात बाराव्या आठवड्यात स्कॅन झाला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढ थांबली आहे. माझ्या जिवात जीव आला. त्या दिवशी जिना चढताना मी सगळ्या मजल्यांवर थांबून शेजाऱ्यांना सांगितलं. आणि माझ्या डोक्यात हिशेब बसला की धाकटीला खरी गोळीच लागली आहे. नुसत्या खडूच्या गोळीनं कुणाची बोटं बधिर होतात का? मुंग्या म्हणजे औषध काम करतंय. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. म्हटलं, तुझी बोटं जेवढी झोपतील तेवढा तो आजार झोपेल. ती हसली. म्हणाली, “अति शहाणा त्याचा बैल रिकामा.” पण मला ती म्हण तेव्हा लागली नाही, मी फार आनंदात होते.

एकदा खोटा आकडा लिहिला की त्याच्या मागून बाकीचे लिहावेच लागतात. काल एक आणि आज एकदम तीन, असं कसं दिसेल? चौदाव्या आठवड्यात तिच्या हातून कात्री पडली. पंधराव्यात सुईत दोरा ओवायला मला बोलवायला लागली. मास्तरांनी तिला घरी काम पाठवायला सुरुवात केली, म्हणजे दुकानात इतरांच्या डोळ्यांसमोर नको. एका कोटाची चार काजं करायला तिला आख्खा दिवस लागला. मी तो कोट पोचवायला गेले. मास्तरांनी कोट घेतला, उजेडात धरला, आणि माझी पाठ वळल्यावर ते काजं उसवायला बसले. दारातून मी ते पाहिलं. धाकटीला सांगितलं, मास्तर खूश होते.

तिला कळलं असणार. दोन दिवसांनी तिनं शिवणाचा डबा कपाटात वर ठेवायला मलाच सांगितला.

त्या संध्याकाळी मी वही उघडली. चार प्रश्न झाले. पाचव्याला ती म्हणाली, “ताई, आज तीन लिही.”

मी म्हटलं, तीन नाही लिहायचा.

“मला कापड कळत नाही गं. बोट लावलं तर कापड आहे की लाकूड, तेही कळत नाही. तीनच आहे हा.”

मी तिला चौदावं पान काढून दाखवलं. रेघ मारलेलं वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, तीन लिहिला की काढून टाकतील तुला. इतके महिने धरून ठेवलंय ते सगळं पाण्यात जाईल.

“काढू देत,” ती म्हणाली.

मग मला राग आला. मला लवकर राग येतो आणि तो आला की मी ओरडत नाही, खालच्या आवाजात टोचून बोलते. ते जास्त वाईट. मी म्हणाले, “चार काजांसाठी मरायचंय का तुला? जगायचं नसेल तर सरळ सांग, म्हणजे मी तरी वेळेवर झोपेन.”

हे वाक्य मी बोलले. बहिणीला बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मला अजून वाटतं की तो असायला हवा होता. मग ती म्हणाली, “लिही तुला काय लिहायचं ते.” मी एक लिहिलं. त्यानंतर पाचव्या प्रश्नाला ती आकडा सांगेनाशी झाली. मी विचारायचे नाही, ती बोलायची नाही, आणि मी एक लिहून वही मिटायचे. नीट, एका वळणाचे, दिसायला अगदी खरे एक.

डॉक्टरीणबाई कधी विचारायच्या, हात कसे आहेत? धाकटी माझ्याकडे बघून म्हणायची, चाललंय. त्या वहीतली पानं चाळायच्या, मान हलवायच्या आणि तेवढंच इंजेक्शन पुन्हा चालू व्हायचं.

आठव्या महिन्यात यकृतातल्या गाठी वाढल्या. चाचणी तिच्यापुरती संपली. वहीवालीनं शेवटची वही जमा करून घेतली आणि धाकटीचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मला तेव्हा वाटलं, हिला कळतंय का की त्या हाताला काही कळत नाहीये. पुढे दुसरं औषध दिलं, तिसरं दिलं. बोटं काही परत आली नाहीत. एकदा भाजायला लागलं तरी कळेना, चहाच्या गरम भांड्याला हात तसाच लावून बसली होती, मी ओढून काढला. पायही बधिर झाले, मग तिला धरून चालवावं लागायचं. आंघोळीनंतर गाऊनची बटणं मी लावून द्यायची. जिनं हजारो काजं केली ती हात बाजूला धरून उभी राहायची, लहान मुलीसारखी, आणि माझं एखादं बटण चुकलं की म्हणायची, एक घर खाली गेलीस.

शेवटच्या आठवड्यात मास्तर भेटायला आले. त्यांनी एका कोटाच्या कापडाचा तुकडा आणला होता, तिला दाखवायला, चांगला माल आलाय म्हणून. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, चोळून पाहिला, मग गालाला लावला. गालाला कळलं तिला. म्हणाली, शुद्ध लोकर आहे. मास्तर बाहेर जिन्यात जाऊन रडले. मी आत होते, मला रडता आलं नाही. पाच दिवसांनी, सकाळी मी तिचे केस विंचरत असताना ती गेली. चाचणीत सही केल्याला तेरा महिने झाले होते.

लोक समजूत घालायला आले. चाचणीत होती म्हणून एवढं तरी जगली, असं म्हणाले. मीही तेच म्हणत राहिले. दोन वर्षं मी त्या वाक्यावर काढली. बोटं गेली, पण त्या बदल्यात काही महिने मिळाले, आणि ते मी मिळवून दिले. हा सौदा मी तिला विचारून केला नव्हता हे मला ठाऊक होतं. पण सौदा तर झाला होता ना.

मग पत्र आलं. चाचणी पूर्ण झाली आहे, निकाल समजून घ्यायचे असतील तर घरच्यांनी यावं. मी चांगली साडी नेसून गेले. वहीवालीच्या खोलीत काहीच बदललं नव्हतं, फक्त कपाटं दोन झाली होती. तिनं मला ओळखलं. चहा मागवला. मग चष्मा लावून सावकाश सांगितलं. नवी गोळी घेतलेल्या बायका आणि साधी गोळी घेतलेल्या बायका, दोन्ही गट सारखेच दिवस जगले, फरक पडला नाही. आजार थोडे दिवस जास्त थांबला असं आधी वाटलं होतं, पण नीट पाहिल्यावर तेही टिकलं नाही. नवी गोळी आता पुढे कुणाला देणार नाहीत.

मी म्हटलं, पण माझ्या बहिणीला तिचा उपयोग झाला होता. बाराव्या आठवड्यात वाढ थांबली होती.

तिनं माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. ते उघडायचं की नाही हे तुमच्यावर आहे, असं म्हणाली. मी उघडलं. आत एक ओळ होती. धाकटीला साधी गोळी होती. आत औषध नसलेली.

मला ते तीनदा वाचावं लागलं. मी म्हणाले, असं कसं होईल, तिचे हात गेले होते. साध्या गोळीनं हात जातात का?

वहीवाली म्हणाली, हात इंजेक्शनानं जातात. ते तर सगळ्याच जणींना दिलं जात होतं. वाढही त्यानंच थांबली होती. मग ती म्हणाली, “पण तुमच्या बहिणीचा बधिरपणा तर एकच होता ना? मला आठवतंय, शेवटपर्यंत एक. तीन झाला असता तर आम्ही इंजेक्शन कमी केलं असतं. काही आठवडे बंदही ठेवलं असतं.”

“आणि चाचणीतून काढलं असतं,” मी म्हणाले.

“नाही हो. कुणालाच नाही काढलं त्यासाठी. गोळी चालू, तपासण्या चालू, फक्त इंजेक्शनाचा डोस खाली. अकरा जणींचं केलं आम्ही तसं. त्यातल्या बऱ्याच जणींचे हात पुष्कळसे परत आले. आणि कमी केलं म्हणून त्या काही लवकर गेल्या नाहीत.”

मी विचारलं, मग या चाचणीत येऊन कुणाचा काही फायदा झाला का? तिनं प्रश्न टाळला नाही. म्हणाली, गोळीचा नाही झाला. काहींना वहीचा झाला. रोज कुणीतरी विचारत होतं, लिहून घेत होतं, म्हणून त्रास लवकर कळला आणि लवकर सावरता आला. एरवीच्या ओपीडीत एवढं कोण विचारतं? तेवढाच फायदा.

म्हणजे एवढी मोठी चाचणी, संगणक, बावीस पानं, आणि त्यात बायकांच्या पदरात पडण्यासारखं खरं असं एकच होतं, ती पन्नास पानी वही. आणि ती माझ्या हातात होती. कुंपणानंच शेत खाल्लं.

मी सांगून टाकलं. आकडे मी लिहायची. खोटे लिहायची. सहाव्या आठवड्यापासून. वहीवालीनं पेन खाली ठेवलं. ती रागावेल असं वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, कपाटातून धाकटीची फाईल काढली आणि पानं उलटत राहिली. मग म्हणाली, “मला तेव्हा शंका आली होती. अक्षर बदललं होतं, आणि रोज एकच आकडा, कधी वर नाही, कधी खाली नाही. खऱ्या माणसाचा त्रास असा नसतो. तुम्ही एकदा औषधांच्या खिडकीशी रांगेत होतात, तेव्हा मी त्यांना एकटीला विचारलं. इथे नोंद आहे.”

तिनं फाईल माझ्याकडे वळवली. निळ्या शाईत तारीख होती. आमच्या भांडणानंतरचा शुक्रवार. खाली लिहिलं होतं, ‘वही बहीण लिहिते. आकडे बरोबर आहेत का असं रुग्णाला वेगळं विचारलं. रुग्णाचं उत्तर: ताई लिहिते ते बरोबर आहे. तिनं आयुष्यात कधी कागदावर खोटं लिहिलं नाही.’

“मग मी काय करणार?” वहीवाली म्हणाली. “हसून सांगितलं हो त्यांनी.”

त्या शुक्रवारी धाकटीच्या ब्लाउजचा हूकसुद्धा मी लावला होता. एक शब्द बोलली असती तर तिचे हात वाचले असते. तिला ते माहीत नव्हतं, तिला वाटत होतं की ती माझी नोकरीतली अब्रू वाचवते आहे, माझी आशा वाचवते आहे. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी तिच्यासाठी खोटं लिहिलं. आणि दोघींच्या मधे तिचे हात गेले. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. वहीवालीनं दार लोटून घेतलं.

नंतर मी विचारलं, आता ते आकडे बदलता येतील का? ती म्हणाली, जुनं पान बदलता येत नाही. पण दुरुस्तीचा कागद जोडता येतो. निकालात आता फरक पडणार नाही, मात्र पुढच्या चाचणीची वही तयार करणारे तो वाचतील. कदाचित मग बायकांना घरच्यांसमोर विचारणार नाहीत, कदाचित बोटांना सुई टोचून स्वतः बघतील. तिनं एक कोरा कागद काढून दिला. वर दुरुस्तीची तारीख, खाली जुनी नोंद, नवी नोंद, आणि शेवटचा रकाना, दुरुस्तीचं कारण.

मी सहाव्या आठवड्यापासून सुरुवात केली. सगळे दिवस आठवत होते असं नाही, पण कात्री पडली तो दिवस आठवत होता, दोरा ओवला तो, ब्लाउजचा पहिला हूक लावला तो. एकच्या समोर दोन लिहिलं, एकच्या समोर तीन. मग नुसते तीनच येत गेले. एक कागद पुरला नाही, तिनं आणखी दिले. कारणाच्या रकान्यात मी पहिल्यांदा ‘नजरचूक’ असं लिहिलं, आमच्या कचेरीत तोच शब्द चालतो. मग ते खोडलं. त्याच्या खाली लिहिलं, ‘रुग्णानं मला तीन लिही असं स्पष्ट सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.’ आणि सही केली.